मागच्या पट्ट्याची चप्पल

लग्नसराई आली की सोलापुरात आधी पाय दमतात, माणूस नंतर. चैत्र सरत आलाय. सकाळच्या कामांना नीट सुरुवात व्हायच्या आत अंगणातली फरशी तापते. दुपारी सात रस्त्याच्या चौकात सिग्नलला थांबलं तर डांबराची धग चपलेतून वर येते. टीपॉयवर पत्रिकांचा गठ्ठा साठलाय. एका दिवशी दोन दोन मुहूर्त, आणि सगळे नेमके भर उन्हातले. जो कुणी हे मुहूर्त काढतो, त्याला एकदा त्याच वेळी रस्त्यावर उभं करायला हवं.

त्यात यंदा माझी टाच दुखते. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खालून कुणी दाभण खुपसल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की जरा सैल पडतं, संध्याकाळी पुन्हा तेच. डॉक्टरांनी टाच दाबून बघितली, मग माझी चप्पल हातात घेऊन पिळून बघितली. ती मधोमध दुमडली. "ही फेकून द्या," ते म्हणाले. "तळ मऊ पण भक्कम हवा. पुढं बोटांना जागा हवी. मागं पट्टा हवा. पायानं चप्पल धरून ठेवायची नाही, चपलेनं पाय धरायचा."

त्यांना वाटलं असेल, किती साधी गोष्ट सांगितली. मला ती ऐकूनच दमायला झालं. अशी चप्पल शोधण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेलेला आहे. ती चप्पल माझ्यासाठी नव्हती, अक्कासाठी होती.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेल्या, त्यामुळे ताई कुणीच नाही. थोरली ती अक्का. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत ती एकटी राहते आणि लोकांची लग्नं जुळवते. हा काही तिचा धंदा नव्हे. लग्नात कुणी साडी नेसवली तर नेसायची, नाही नेसवली तर चहा पिऊन परत यायचं. पण अक्कलकोटच्या कुणाची पोरगी शिकून घरी बसलीय आणि करमाळ्याच्या कुणाचा पोरगा उगाच अडून बसलाय, हे तिला तोंडपाठ. हल्ली सगळे फोनवरच मुली बघतात, तरी शेवटी अक्काला विचारल्याशिवाय कुणाचं पाऊल पुढं पडत नाही. "फोनमदी फोटू येतो गं," ती म्हणते, "घर येत न्हाय."

घर बघायला ती चालत जाते. रिक्षानं गेलं तर गल्ली कळत नाही म्हणते. आणि घराची परीक्षा ती दारातच उरकते. "आत काय, समदे गोडच बोलत्यात. भाईरच्या चपला बघायच्या, शैले. सासऱ्याची चप्पल सावलीत आन् सुनेची उनात पालथी पडलेली असली की समजायचं. तितं पोरगी द्यायची न्हाय." मी हसायचे. पण तेव्हापासून कुणाच्याही दारात गेले की माझीही नजर आधी खाली जाते. हे खूळ तिनं मला लावलं.

आता गंमत बघा. चप्पल पारखणाऱ्या या बाईची स्वतःची चप्पल कशी, तर अंगठ्याची, सपाट, झिजून पापडासारखी झालेली. आणि तिचं तरी काय चुकलं? आपलं आयुष्य चप्पल घालण्यात जात नाही, काढण्यात जातं. देवळात काढा, शेजारी काढा, दवाखान्याच्या दारात काढा, ओळखीच्या दुकानात गादीवर बसायचं तर काढा. अक्का दिवसाकाठी कितीतरी उंबरे ओलांडायची. दरवेळी वाकून बक्कल सोडायचं, परत निघताना वाकून लावायचं, गुडघ्यांनी किती सोसायचं? पायाला चांगली ती चप्पल उंबऱ्याला वाईट, आणि उंबऱ्याला चांगली ती पायाला. आपण सगळे मुकाट उंबऱ्याची बाजू घेतो. पाय झटकला की निघाली पाहिजे, एवढी एकच परीक्षा आपली चप्पल पास झालेली असते.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात अक्कानं जुळवलेली लग्नं ओळीनं लागली होती. त्यातलं एक राजश्रीचं. पोरगी सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांकडे दिली, पण लग्न सोलापुरात. अक्षता पडल्या, आणि नवरानवरीला जवळच्या महादेवाच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. जेवणाच्या पंगती बसायच्या आधीची ती वेळ. देवळाचं आवार दगडी. मधून पांढरा रंग मारलेला पट्टा होता आणि त्यावर ओली पोती टाकलेली, पण ती कधीच वाळून गेलेली. दारात सगळ्यांनी चपला काढल्या आणि मग जो नाच सुरू झाला! नवरदेव फेटा सांभाळत उड्या मारतोय, करवल्या शालू गुडघ्यापर्यंत धरून पळतायत, मीसुद्धा "आई गं, आई गं" करत कुणाच्या तरी पदरावर पाय देऊन उभी. ओरडणं, हसणं, फोटो.

आणि त्या सगळ्यातून अक्का सावकाश चालत आली. पट्टा सोडून, उघड्या काळ्या दगडावरून. हातात नारळाचं ताट, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर जराही आठी नाही. देवळात तिनं निवांत प्रदक्षिणा घातली. माणसं बघत राहिली. नवरीची एक मावशी पुढं झाली आणि तिच्या पाया पडली. "तपश्चर्या लागते याला," ती म्हणाली. "नाहीतर आपले पाय बघा."

"सिद्धरामेश्वराची किरपा," अक्का म्हणाली. "मला कायबी भाजत न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. खरंच तिला काही भाजत नव्हतं. आमच्यात असं काही दिसलं की आम्ही आधी हात जोडतो. भर पंगतीत त्या दिवशी अक्काच्या पायांचं कौतुक चाललं होतं, आणि ती लाजत जिलबी बाजूला सारत होती, कारण गेली कित्येक वर्षं तिला साखरेची गोळी चालू होती. जिलबी आणि पाय यांचा काही संबंध असेल असं त्या मांडवात कुणाच्याही मनात आलं नाही.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि पलंगावर पाय वर घेऊन बसली. चादरीवर ओला डाग पडला. मला वाटलं, पाणी सांडलं. मग तिचा तळपाय बघितला. चवड्यावर एवढा मोठा फोड, फुटलेला. कडेची कातडी सुटून लोंबत होती. करंगळीखाली लाल मांस दिसत होतं.

"अक्का, हे काय?"

तिनं वाकून बघितलं. "अय्यो," ती म्हणाली. "कवा झालं गं?"

मला विचारत होती. स्वतःच्या पायाचं मला विचारत होती.

डॉक्टरांकडचा तो प्रसंग मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. त्यांनी दुसरा, धड पाय समोर घेतला, आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक तार काढली. "टेकली की सांगा." अक्का सांगत गेली. "व्हय, कळलं. व्हय. हितंबी कळलं." मला हायसं वाटलं. तेवढ्यात डॉक्टरांच्या लक्षात आलं की ती त्यांच्या हाताकडे बघतेय. "आता डोळे मिटा," ते म्हणाले. अक्कानं डोळे मिटले. ते तार टेकवत गेले. टाचेला, चवड्याला, अंगठ्याला, पुन्हा टाचेला. अक्का शहाण्या मुलासारखी वाट बघत बसली होती.

"लावा की," शेवटी ती म्हणाली. "कवाधरनं बसलेय मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

साखरेनं पायाची जाणीव हळूहळू जाते, त्यांनी समजावलं. वर्षानुवर्षं जात असते, माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे असंच वाटत राहतं. मग रोजची पट्टी सुरू झाली. वळिवाचा एक पाऊस येऊन गेला, आषाढ आला, तरी आम्ही आपल्या पट्टीच बदलत होतो. मी ऑफिसातून दमून यायची, हात धुवायची, तिच्यापुढं पाट घेऊन बसायची. खोटं कशाला बोलू, कंटाळा यायचा. तो वास, ती कापसाची बोळी, तिचं तेच तेच बोलणं. इतकं करून पायाची करंगळी गेलीच. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं हे नशीब. पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. यापुढं अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. बाहेर नाही आणि घरातही नाही.

जखम भरत आली तशी आम्ही चप्पल घ्यायला निघालो. संध्याकाळी निघायचं, कारण दिवसभरात पाय सुजतो. सकाळी बसलेली चप्पल संध्याकाळी करकचते. सात रस्त्यापासून सुरुवात केली आणि नवी पेठेपर्यंत एकही दुकान सोडलं नाही. मी बाकावर बसून राहायची आणि अक्का आरशापुढं चालायची. एका दुकानात मुनीरभाई म्हणून मालक होते, मोठे धीराचे. खोक्यांवर खोकी काढत होते. "अक्का, पहनके चलो ना जरा. नक्को तो नक्को बोलो, उसमें क्या है?"

अक्काला एक जोड फार आवडला. "ही बरी हाय. ही पायात हाय म्हणून कळतंय तरी." मी पैसे काढणार होते, पण बघितलं तर पट्टा मांसात रुतलेला. सुन्न पायाला घट्ट चप्पलच तेवढी जाणवते, आणि जाणवते म्हणून ती बरी वाटते. सैल, योग्य मापाची चप्पल घातली की ती म्हणायची, "हीत काय अर्थ न्हाय, पायात हाय का न्हाय तेच समजंना." पायाला विचारून उपयोग नव्हता.

त्यावर डॉक्टरांनी आधीच उपाय सांगून ठेवला होता. जाड कागदावर पाय ठेवून कडेनं पेन फिरवायचं, तो आकार कापायचा आणि चपलेत घालून बघायचा. कागद दुमडला तर चप्पल लहान. घरात जाड कागद कुठला, तर लग्नपत्रिका. राजश्रीचीच पत्रिका वर होती. अक्का तिच्यावर उभी राहिली आणि मी खाली बसून पेन फिरवलं. चार बोटांचा पाय. कापून झाल्यावर बघितलं तर टाचेच्या जागी गणपती आला होता आणि चवड्यावर 'आपल्या आशीर्वादाचे अभिलाषी'. अक्कानं गणपती बघितला आणि कपाळाला हात लावला. "पायाखाली घातलास की गं देवाला!" मग आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो. दुसरी पत्रिका घेतली, गणपतीची बाजू कापून टाकली, तेव्हा तिचं समाधान झालं.

त्या कागदी पायावर चप्पल मिळाली. रुंद, पुढून झाकलेली, आत मऊ गादी, मागं पट्टा. चिकटपट्टीवाला पट्टा, म्हणजे बक्कलाची कटकट नको. दोन जोड घेतले, एक बाहेरचा, एक घरातला. मी मनात म्हटलं, सुटले.

कुठली सुटतेय? घरातल्या जोडाला अक्का हात लावेना. "चप्पल घालून चुलीपुढं? ब्याड, ब्याड!" रागावली की ती कानडीत नाही म्हणते. देवघरात तर विषयच नको. मी ओरडले, रडले, शेवटी नवा जोड धुऊन पाटावर ठेवला, हळदीकुंकू लावलं आणि म्हटलं, आता ही चप्पल नाही, औषध आहे. तेव्हा कुठं स्वयंपाकघरापुरती घातली. देवपूजेला ती खुर्चीत, पाय मागं घेऊन बसायला लागली.

पण दुसऱ्यांच्या घरांचं काय? तिथं हळदीकुंकू लावून चालणार नव्हतं. "लोकाच्या घरात चप्पल घालून शिरू? मी स्थळ घेऊन जाते का धाड टाकायला?" आणि अक्कानं जाणंच सोडलं. दारात खुर्ची टाकून बसायची. पाय छान, चप्पल नवी, आणि जायला कुठं नाही. पुढची सराई आली तेव्हा तिच्याकडे एकही पत्रिका 'अक्कामुळं जमलं' म्हणून आली नाही. जेवण कमी झालं. मी विचारलं की म्हणायची, "काय दुखत न्हाय गं." ते वाक्य मला आता ऐकवत नसे. पाय वाचला होता, पण अक्का हातची चालली होती.

राजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या आईनं, कमलबाईंनी, बोलावणं पाठवलं. बाळाला बघायला तरी जायलाच हवं होतं. मी अक्काला बळंच नेलं. उंबऱ्याशी ती थांबली. "हितनंच बघते. आणा बाळाला भाईर." कमलबाई आतून आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. आत गेल्या, ओलं फडकं घेऊन आल्या आणि पायरीवर बसल्या.

"पाय उचला, अक्का."

"काय करायल्यात तुमी?"

"उचला की वो. माझ्या लेकीच्या लग्नात भाजला न्हवं हा पाय?"

अक्कानं माझा खांदा धरला आणि पाय उचलला. कमलबाईंनी चपलेचा तळ पुसला. खाचांमधली माती फडक्याच्या टोकानं काढली. मग दुसरा. पाहुण्यांचे पाय धुतात तसं सावकाश, काही घाई नाही. उठून म्हणाल्या, "बर्री, आता या आत." अक्का चप्पल घालून आत गेली. पहिली दोन पावलं ती अंग चोरून टाकत होती. मग बाळ मांडीवर आलं आणि ती विसरली.

तेव्हापासून अक्काच्या पिशवीत एक ओलं फडकं असतं, प्लॅस्टिकच्या डबीत. कुणाच्याही दारात गेली की पायरीवर बसते, दोन्ही तळ पुसते, फडकं दाखवते. "पुसलंय बरं का." बहुतेक जण "असू द्या हो" म्हणतात. सगळेच नाही. एका घरी तिनं नेलेलं स्थळ केवळ त्या चपलांमुळं परत आलं. बाई घरात चप्पल घालून फिरली, म्हणे, आमच्याकडे असलं चालत नाही. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "बरं झालं, पोरगी वाचली." पण ती दुखावली होती हे मला दिसलं. काही दारांवरून ती आजही परत येते आणि मग मला तिच्या थकव्याचा राग येतो, त्या दारांचा येतो, कधीकधी तर कुठल्याही दाराचा येतो.

काल माझ्यासाठी चप्पल घ्यायला तीच माझ्याबरोबर आली. मुनीरभाईंनी ओळखलं. अक्का बाकावर ऐटीत बसली आणि मला चालायला लावू लागली. "फीर मागं. टाच भाईर येतीय का बघ. वाकवून बघ मदी, बोटापाशी वाकाया पायजे, मदनं न्हाय." पत्रिकेचा कागद मात्र तिनं काढू दिला नाही. "तुला कशाला कागुद? तुजा पाय बोलतोय की." घेतली एकदाची. मागच्या पट्ट्याची, रुंद, दिसायला बेढब. पायात घातली आणि खरं सांगते, टाचेला कुणीतरी हात दिल्यासारखं वाटलं.

तिला सोडायला तिच्या घरी गेले. ऊन अजून उतरलं नव्हतं. तिच्या फाटकापासून दारापर्यंत शहाबादी फरशी आहे, दिवसभर तापलेली. सवयीचा गुलाम माणूस. मी फाटकाशीच वाकले, नवा पट्टा सोडला, चपला काढल्या आणि पाय टाकला.

"आई गं!" मी उडीच मारली. एका पायावर नाचत पायरीवरच्या सावलीत जाऊन पोचले.

अक्का चपला घालून फरशीच्या मधोमध उभी होती. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिली.

"भाजलं?"

"भाजलं की. तव्यासारखी तापलीय."

"कसं भाजलं?"

मला कळेना. "कसं म्हणजे?"

"कसं व्हतं गं ते? आदी काय व्हतं, मग काय व्हतं?" तिचा आवाज एकदम खाली आला. "मी इसरायलेय, शैले. दगड बघितला की ठावं असतं, ह्यो भाजणार. पर भाजतंय म्हंजी काय, ते आठवंना झालंय."

गल्लीत कुठल्यातरी मांडवात सनई लागली होती. माझी टाच ठणकत होती, तळवे चुरचुरत होते, आणि मला घरी जाऊन पडायचं होतं.

मी पायरीवरून खाली उतरले, उजवा पाय पुन्हा फरशीवर ठेवला आणि तिला सांगायला लागले.